हवा बघायची ती गार टायरात

हातखंब्याजवळ महामार्गाला लागून आमचं टायरचं दुकान आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटेपासून मुंबईच्या गाड्या लागतात. गेज लावलं की ३८ दाखवतं, दाराच्या खांबावर ३३ लिहिलेलं असतं, आणि चाकरमानी म्हणतो, "दादा, पाच काढून टाका." मी काढत नाही, आणि का काढत नाही ते प्रत्येकाला सांगतो.

रात्रभर धावून टायर तापलेला असतो, त्यामुळे आतल्या हवेचा दाब चार-पाच पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) वाढतोच. ही वाढ धरूनच कंपनीने ३३ ठरवलेले असतात. आता पाच काढले, तर गाडी गावच्या खळ्यात रात्रभर उभी राहून गार झाली की टायरात २८ उरणार. मग त्याच कमी हवेवर आरतीला वाडीत फिरणं, गणपतीपुळे, आणि शेवटी भरल्या गाडीने परतीचा घाट. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. पंप एक-दोन किलोमीटरवर असेल तर तिथवर गेलेलं चालतं. लांबून आला असाल तर गाडी तीनेक तास सावलीत उभी राहू द्या. तापलेल्या टायरातसुद्धा आकडा दारावरच्यापेक्षा खाली असेल, तर मात्र थांबू नका. लगेच भरा आणि दुसऱ्या दिवशी गार टायरात परत बघा.

आकडा तुमच्या गाडीचाच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. केपीए या दुसऱ्या मापात लिहिलं असेल तर २३० म्हणजे साधारण ३३ पीएसआय. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो, तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर बहुतेक दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. मुंबईला परतताना डिकीत तांदळाचं पोतं, नारळ आणि मागे तीन माणसं असतील तर दुसरा आकडा बघा. मागच्या चाकांना जास्त लागते.

कमी हवेने काय होतं ते मी रोज टायर उघडून बघतो. वरून टायर धड दिसतो, नक्षीही शिल्लक असते. पण डिस्कवरून उतरवला की आतून काळा भुगा पडतो. तो टायरच्या भिंतीच्या आतला रबर असतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते आणि आतल्या आत घासली जाते. असा टायर पंक्चर काढून परत बसवायचा नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल, मी बसवून देत नाही. आंबा घाट भरल्या गाडीने उतरताना तो फुटला तर सावरायला जागा कुठे आहे?

पावसात आणखी एक धोका. टायरची नक्षी पाणी बाजूला सारते, पण हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, पाणी खाली अडकतं आणि वेगात गाडी पाण्यावर तरंगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता सुकतो कधी? जास्त हवाही वाईटच. टायर नुसता मधल्या पट्ट्यावर टेकतो, पकड कमी होते आणि खड्ड्याचा फटका थेट बसतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर असा टायर कापलाही लवकर जातो.

गेज लावताना तिरकं धरू नका. सरळ दाबा, हवेचा आवाज थांबला की आकडा वाचा. नंतर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी किंवा थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर पिन गेली, ती बदलायला फार खर्च नाही. खाडीकाठच्या आणि बंदराजवळच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह खाऱ्या वाऱ्याने लवकर सडतात, त्यात वाळू जाऊन बसते, म्हणून टोपी हरवली तर त्याच दिवशी नवी लावा. आणि गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत नेऊ नका. रुतली म्हणून हवा सोडलीच असेल, तर डांबरी रस्त्याला लागताच पंप गाठा.

चांगल्या टायरातूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात, म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी बघाच. पंपावर साधी हवा फुकट मिळते, ती पुरते. नायट्रोजन भरला तरी बघणं चुकत नाही, आणि साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

स्टेपनी लोक विसरतात. सामान भरायच्या आधीच तिची हवा बघा आणि ठरलेल्यापेक्षा दोन-तीन जास्त ठेवा, पडून पडून कमी होते. स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असेल तर तिच्यावरच्या स्टिकरवर वेगाची मर्यादा असते, बहुतेक ८०. तिच्यावर मुंबई गाठायचा विचार करू नका, जवळचं दुकान बघून मूळ चाक दुरुस्त करून घ्या.