जुळ्या फोर-स्ट्रोकला सायलेन्सर बसवताना

मॉडेल विमानावर आडवा जुळा फोर-स्ट्रोक, म्हणजे समोरासमोर दोन सिलिंडर असलेलं इंजिन चढवलं की बहुतेकांचं लक्ष कार्ब्युरेटरच्या सुईवर, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवर जातं. मी आधी सायलेन्सरचे नट बघतो. इंधनाच्या टाकीला दाब देणारी नळी सायलेन्सरपासून निघालेली असते. तो सायलेन्सर हवेत गळून पडला तर दाब जातो, मिश्रण लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त), आणि एकाच कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर एकदम तापतात.

माझ्या पाव मापाच्या पायपर कबवर ओ.एस. जेमिनी 160 आहे, साधारण 26 सीसीचं. कबला ते शोभून दिसतं, कारण खऱ्या विमानाचेही सिलिंडर बाहेर डोकावतात. खाली सांगतो ती पद्धत त्याच्यावरची आहे, पण साइतो कंपनीच्या अशाच आडव्या जुळ्या इंजिनालाही ती तशीच लागू पडते.

पहिलं काम आटे साफ करण्याचं. जुन्या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोकाच्या भागात, इंधनातलं एरंडेल जळून लाखेसारखं चिकटलेलं असतं. त्यावर एक्झॉस्ट पाइप फिरवला की घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच उड्डाणात सुटतो. अ‍ॅसिटोन आणि जुना टूथब्रश घ्या, आटे चमकेपर्यंत घासा. मग पाइप हातानेच फिरवा. निदान चार-पाच वेढे पान्ह्याशिवाय गेले पाहिजेत. दुसऱ्या वेढ्यालाच अडला तर थांबा, कारण आटा तिरका लागलाय. हे आटे बारीक पिचाचे, म्हणजे एकमेकांच्या अगदी जवळ असतात, बाजारात सहज मिळणारा नट त्यांच्यावर चालत नाही. पिच गेज लावूनच खात्री करा. साइतोच्या इंजिनात हेड आणि सिलिंडर एकाच तुकड्यात असतात. तिथे आटे मेले तर अख्खा सिलिंडर बदलायची पाळी येते.

पाइप आत गेला की दिशा ठरवा. सायलेन्सरचं तोंड खाली आणि मागे हवं. इंधनात 15 ते 20 टक्के तेल असतं आणि त्यातलं बरंचसं धुराबरोबर बाहेर पडतं. तोंड बाजूला राहिलं तर पंख आणि शेपटी तेलाने माखतात. काउल (इंजिनावरचं आवरण) आणि पाइप यांच्यात निदान 5-6 मिलिमीटर जागा ठेवा. हे इंजिन मंद चालीवर चांगलंच हलतं आणि प्लास्टिकचं आवरण उष्णतेने लगेच सुरकुततं. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या भिंतीच्या प्लायवूडला इपॉक्सीचा हात आधीच मारून घ्या.

आता आवळणी. प्रत्येक बाजूला लॉकनट (पाइप जागेवर पक्का धरणारे नट) दोन: एक हेडजवळ, एक सायलेन्सरजवळ. आधी हेडजवळचा आवळायचा, पाइप दुसऱ्या पान्ह्याने धरून. सायलेन्सरचं अंग तरफेसारखं कधीच वापरू नका, त्याची भिंत पातळ असते. हेड आणि नट यांच्यात जागा फार कमी असते, म्हणून मी ग्राइंडरवर घासून पातळ केलेला पान्हा वेगळाच ठेवलाय. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे काम पाच मिनिटांत होतं.

थ्रेडलॉकवर, म्हणजे आटे चिकटवणाऱ्या द्रवावर, इथे भिस्त ठेवू नका. साधा निळा थ्रेडलॉक 180 अंश सेल्सिअसच्या आसपास हात टेकतो आणि हेडपाशी पाइप त्याहून गरम होतो. उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकोनचा पातळ थर आट्यांवर देऊन रात्रभर वाळू द्या. पुढे पाइप काढायचा झाला तर हीट गन मारून काढा, जोर करून नाही.

इतकं करूनही काम अर्धंच झालंय. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पाइप स्टीलचा. त्याच तापमानाला अ‍ॅल्युमिनियम साध्या स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गार असताना घट्ट वाटणारा आटा गरम झाल्यावर सैल पडतो, आणि 8,000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर त्याला मिनिटाला 4,000 धक्के देत असतो. म्हणून इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर, मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवून काही मिनिटं चालवा, बंद करा, आणि गरम असतानाच चामड्याचे हातमोजे घालून दोन्ही बाजूंचे चारही नट पुन्हा आवळा. नट आणि पाइपवर एकाच रेषेत बारीक खूण ओरखडून ठेवा. लागोपाठ दोन वेळा चालवून रेषा सरकली नाही, तरच विमान मैदानावर न्या.

दाबाची नळी एकाच सायलेन्सरवरून घ्यायची. टाकी एक, कार्ब्युरेटर एक. दुसरी नळी कशाला? दुसऱ्या सायलेन्सरवर निप्पल (नळी जोडायचं टोक) असेल तर स्क्रूने बंद करा, नाहीतर तिथून तेलाची पिचकारी उडत राहील. आवाज आणखी कमी करायला तोंड अरुंद करण्याच्या भानगडीत पडू नका. टाकीतला दाब बदलतो, सुई नव्याने लावावी लागते आणि इंजिन तापतं. दोन्ही सायलेन्सर मात्र एकाच जातीचे, एकाच मापाचे हवेत.

शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हेडांचं तापमान बघा. फरक मोठा असेल तर आधी गार बाजूचा ग्लो प्लग (मिश्रण पेटवणारा तापलेल्या तारेचा प्लग) बदला आणि इनटेक पाइपचा जोड तपासा, दोष बहुतेक तिथेच सापडतो. तरीही सुटलं नाही तर डावा-उजवा सायलेन्सर अदलाबदल करा. गारवा त्याच्याबरोबर बाजू बदलत असेल, तर त्या सायलेन्सरमध्ये काजळी साठलीय. तो उघडून धुवा.

हे सगळं करताना मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, हे विसरू नका. इंधनाचा डबा गरम इंजिनापासून दूर, झाकण लावून ठेवा, आणि पान्हा हातात घेण्याआधी पंखा (प्रोपेलर) पूर्ण थांबलाय आणि प्लगची बॅटरी काढलीय, याची खात्री करून घ्या.