बॉक्सर खरंच किती मोठा? रेकॉर्ड असा तपासा

‘अमुक इतक्या वजनगटांत विश्वविजेता’ असं वाचलं की बॉक्सरेक या लढतींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या बॉक्सरचा रेकॉर्ड उघडा आणि प्रत्येक किताबापुढे चार गोष्टी लिहून काढा: संघटना, वजनमर्यादा, प्रतिस्पर्धी, तारीख.

जागतिक किताब देणाऱ्या संघटना डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारच धरा. त्यांचेही ‘इंटरिम’ (तात्पुरते) आणि डब्ल्यूबीएचे ‘रेग्युलर’ (दुय्यम) किताब वेगळे काढा, कारण त्याच वजनात बहुतेक वेळा खरा चॅम्पियन दुसराच असतो. ‘व्हेकंट’ लिहिलं असेल तर किताब रिकामा होता, कुणाला हरवून घेतलेला नव्हता.

वजनाच्या बाबतीत गट मोजू नका, पौंड मोजा. 105, 108, 112, 115 हे चार गट अवघ्या 10 पौंडांत बसतात. उलट 175 वरून 200 वर जाणं ही कागदावर एकच पायरी, पण फरक 25 पौंडांचा. हेन्री आर्मस्ट्राँगकडे 1938 मध्ये 126, 135 आणि 147 पौंडांचे तिन्ही किताब एकाच वेळी होते. तेव्हा मुख्य वजनगट आठच होते. आज त्याच अंतरात पाच गट आहेत.

करारातली मर्यादाही बघा. मॅनी पॅकियाओचा आठव्या गटातला किताब 154 पौंडांचा, पण नोव्हेंबर 2010 मध्ये अँटोनियो मार्गारिटोशी झालेली ती लढत 150 च्या कॅचवेटवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी करारात ठरवलेल्या वेगळ्या मर्यादेवर, ठरली होती आणि किताब रिकामा होता. पण तेवढ्यावरून तो किताब हलका ठरवायची घाई करू नका. वजन आदल्या दिवशी मोजलं जातं आणि मग खाऊन-पिऊन ते वाढतं. लढतीच्या रात्री मार्गारिटो साधारण 165 पौंडांचा होता, पॅकियाओ 148 चा. आमच्या मते ही 17 पौंडांची तफावत कॅचवेटची सवलत भरून काढते.

प्रतिस्पर्ध्याचं नुसतं नाव बघून भुलू नका. त्या दिवशीचं त्याचं वय आणि आधीच्या दोन-तीन लढती पाहा. रॉकी मार्सियानोने 1951 मध्ये जो लुईला हरवलं, तेव्हा लुई 37 वर्षांचा होता. ज्या लुईने सलग 25 वेळा किताब राखला, तो हा लुई नव्हता.

हौशी बॉक्सिंगचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा. मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णपदकं 45 ते 48 किलोंतली आहेत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी तीनच वजनगट होते आणि सर्वांत हलका 51 किलोचा होता. तिथलं तिचं कांस्य या आकड्यासकटच वाचायला हवं.

शेवटी पराभव मोजा, पण त्यापुढे काय झालं तेही लिहा. अपराजित असण्याला लोक फार भाव देतात. आम्ही परतीच्या लढतींना जास्त देतो. शुगर रे रॉबिन्सन फेब्रुवारी 1943 मध्ये स्वतःपेक्षा वजनदार जेक लामोटाकडून हरला, ती त्याची व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार. तीन आठवड्यांत त्याच लामोटाला त्याने हरवलं. दोघे एकूण सहा वेळा लढले, पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या. 1951 मधल्या सहाव्या लढतीत, 13व्या फेरीत, त्याने लामोटाचा मिडलवेटचा किताबही घेतला.