कॉलेजमधला स्लॅशर शूट करताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी स्लॅशरची, म्हणजे मास्कवाला खुनी एकेकाला संपवतो त्या प्रकारच्या फिल्मची, हार्डडिस्क घेऊन येतं आणि म्हणतं, दादा जरा बघ ना, सगळं शूट झालंय, फक्त साउंड तेवढा नीट करायचाय. मी डिस्क लावतो. हॉस्टेलचा कॉरिडॉर, एकटी मुलगी, मागे मास्कवाला, आणि चौथ्या मिनिटाला गळा कापलेला. त्या मुलीचं नाव काय हेही मला अजून कळलेलं नसतं. मग पुढचा खून, मग पुढचा, आणि निम्मी फिल्म एवढी काळी की साउंडवरूनच कळतं कोण मेलं, आणि साउंडही धड नसतो.

चुका त्याच त्या. बजेट कमी असल्यामुळे होतात असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. रक्त आणि मास्कसाठी तीन आठवडे खपता आणि बाकीचं एका रात्रीत उरकता, म्हणून होतात.

अंधार पाहिजे म्हणून लाईटच न लावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मी एका फिल्मवर साउंडला होतो, लायब्ररीचा सीन, परवानगी रात्री एक ते पहाटे पाच. कॅमेऱ्यावरचा मुलगा हुशार होता पण त्याला 'रिअल' पाहिजे होतं. रॅकच्या मधल्या गल्लीत एक टेबललॅम्प, बास. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता, चढवला, मॉनिटरवर चित्र काय सुंदर दिसत होतं, मीसुद्धा हेडफोन काढून बघायला गेलो. सगळे खुश. चार तास शूट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशेजारी लॅपटॉपवर लावलं तर स्क्रीनवर आमचेच चेहरे दिसत होते, एवढं काळं. मग कोणीतरी म्हणालं एडिटमध्ये उचलू. उचललं. रॅक दिसायला लागले, त्यांच्यावर मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखा नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, वळवळायला लागला, आणि खुनी? तो काळ्या कपड्यात काळ्या रॅकपुढे उभा, त्याला देवसुद्धा बाहेर काढू शकला नसता. लायब्ररीची परवानगी परत मिळाली नाही. तो सीन शेवटी एका स्टोअररूममध्ये झाला, पुस्तकांऐवजी मोडकी बाकं.

झालं असं होतं की अंधारात अर्धा तास बसलं की डोळे सरावतात, आणि मग मॉनिटर असतो त्यापेक्षा कितीतरी उजळ वाटतो. म्हणून रात्रीच्या शूटला मॉनिटरवर विश्वास ठेवायचा नाही, हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात काळं किती आणि उजळ किती याचा आलेख, बघायचा, वेव्हफॉर्म (उजेडाचाच दुसरा आलेख) असेल तर तो बघायचा. हिस्टोग्रामचा सगळा डोंगर डाव्या, म्हणजे काळ्या बाजूच्या भिंतीला चिकटला असेल तर तुमच्याकडे काहीही रेकॉर्ड होत नाहीये. माझी सवय अशी की पहिला टेक झाला की लॅपटॉपवर टाकून जिन्यात, जिथे ट्यूबलाईट चालू असेल तिथे, जाऊन बघायचा. दहा मिनिटं जातात. लोक वैतागतात. वैतागू दे.

आणि अंधार दाखवायलाही लाईट लागतो, हे किती वेळा सांगायचं! कॉरिडॉरच्या पार टोकाला, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूने एक लाईट मारा, हवेत थोडा धूर सोडा, खुन्याला त्या उजेडाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभं करा. चेहरा दिसत नाही, आकार दिसतो, आणि भीती त्या आकाराचीच वाटते. काळ्या कपड्यातल्या माणसामागे जरा उजळ भिंत, उजळ कपड्यातल्या माणसामागे काळोख, एवढं सांभाळलं तर दोन लाईटमध्ये अख्खी फिल्म होते. बाहेरचे रात्रीचे सीन मध्यरात्री करूच नका, सूर्य मावळल्यावर आकाश निळं असतं ती पंधरा-वीस मिनिटं पकडा, तालीम दुपारी करून ठेवा. जमिनीवर पाणी मारलं तर एकाच दिव्याची चकाकी लांबपर्यंत जाते. ट्यूबलाईटखाली शूट करताना फ्लिकर येतो, म्हणजे चित्र लुकलुकतं, तिथल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा, ६० असेल तर १/६०. सीनमध्ये मुद्दाम लुकलुकणारी ट्यूब पाहिजे असेल तर ती हाताने करा, कॅमेऱ्याच्या चुकीने नको.

खून लवकर, भीती उशिरा

चौथ्या मिनिटाला गळा कापायचा मोह सगळ्यांना होतो, कारण प्रॉस्थेटिक, म्हणजे नकली जखम, केलेलं असतं आणि ते दाखवायची घाई असते. पण प्रेक्षकाला ती जागाच माहीत नसेल तर तो घाबरणार कशाला? कॉलेज या प्रकाराला एवढं का चालतं तर ती जागा माणसांनी भरलेली असायला हवी आणि नसते म्हणून. रिकामं कॅन्टीन, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, नोटीसबोर्डवर फडफडणारा एकच कागद. हे फुकट मिळतं, आणि हेच कोणी शूट करत नाही.

१९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस' घ्या. मुलींचं वसतिगृह, सुट्टी लागतेय, एकेक जण घरी निघालीये, त्यामुळे एखादी गायब झाली तरी वाटतं गेली असेल घरी. सुट्टीने एका दगडात दोन पक्षी मारलेत, इमारत रिकामी झाली आणि कोणी शोधत नाही याचं कारणही मिळालं. 'द डॉर्म दॅट ड्रिप्ट ब्लड' तर लॉस एंजेलिसच्या युसीएलए युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी खरोखरच नाताळच्या सुट्टीत आपल्याच युनिव्हर्सिटीच्या इमारतीत केला, आणि गोष्ट पण सुट्टीत वसतिगृह रिकामं करणाऱ्या मुलांचीच. फार थोर सिनेमा आहे असं नाही, पण शूट ज्या परिस्थितीत करायला मिळणार होतं तीच गोष्टीत घेतली, ही अक्कल घेण्यासारखी आहे. तुम्ही मात्र एप्रिलमध्ये गॅदरिंगच्या गर्दीचा सीन लिहिता आणि बारा मुलं गोळा करून त्यांना कॅमेऱ्यासमोरून गोल-गोल फिरवता.

मी स्क्रिप्ट वाचतो तेव्हा पहिल्यांदा कागदावर इमारतीचा नकाशा काढतो. जिना कुठे, मागचं दार कुठे, कुठली खोली आतून बंद होते. पहिल्या दहा मिनिटांत पात्रं या सगळ्या जागांवरून दिवसाउजेडी, हसत-खिदळत गेलेली पाहिजेत. मग रात्री ती मुलगी मागच्या दाराकडे पळते तेव्हा प्रेक्षकाला आधीच माहीत असतं की ते दार अडकतं, दुपारी कोणाची तरी बॅग त्यात अडकली होती. नकाशा नसला की काय होतं, खुनी दुसऱ्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर उगवतो आणि लोक हसतात. एकदा मी दिग्दर्शकाला विचारलं हा इथे कसा आला, तर म्हणाला दादा तो खुनी आहे ना. म्हणजे लिफ्टने आला?

वाट बघायला लावा. रिकाम्या कॉरिडॉरचा शॉट तुम्हाला एडिटमध्ये कंटाळवाणा वाटेल कारण तुम्ही तो ऐंशी वेळा पाहिलाय. चार सेकंद कापायच्या ऐवजी चार सेकंद वाढवून बघा.

साउंड, म्हणजे माझं दुखणं

ही चूक माझी स्वतःची आहे. हॉस्टेलच्या पॅन्ट्रीत हिरोईन दारामागे लपलीये, श्वास रोखून, बाहेर पावलं. सहा टेक झाले. पॅन्ट्रीत फ्रिज होता, आणि मी ऐकलं नाही असं नाही, ऐकलं, पण पहाटेचे तीन वाजलेले, म्हटलं नंतर काढू. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच चालू होतो मधेच बंद, त्यामुळे तीन टेकमध्ये घरघर आणि तीनमध्ये नाही. एडिटमध्ये शॉट जोडले तर प्रत्येक कटला घरघर चालू, बंद, चालू, बंद. जणू खुनीच फ्रिजचं बटण खेळतोय! सॉफ्टवेअरने घरघर काढायला गेलो तर तिचा श्वास पण गेला, आणि त्या सीनमध्ये श्वासाशिवाय होतं काय. ती तोवर घरी गेली होती, तिने पांघरुणात शिरून मोबाईलवर श्वास रेकॉर्ड करून पाठवले. ऐकताना वाटतं छान झोप लागलीये बाईंना.

तेव्हापासून लोकेशनला पोचलो की पहिलं काम म्हणजे फ्रिज, वॉटर कूलर, एक्झॉस्ट फॅन शोधणं आणि बंद करणं. फ्रिज बंद केला की माझ्या गाडीच्या चाव्या त्यात ठेवतो. म्हणजे परत चालू करायचा विसरून घरी जाताच येत नाही. ही युक्ती माझी नाही, साउंडवाले वर्षानुवर्षं करत आलेत, पण मी शिकलो ती अद्दल घडल्यावर.

बाकी, प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. शांतता म्हणजे शून्य नाही, पूर्ण शून्य टाकलं तर वाटतं स्पीकर गेला. किंकाळ्या शेवटी ठेवा, एकतर आवाज बसतो, दुसरं म्हणजे रेकॉर्डिंगची लेव्हल कुजबुजीला लावलेली असते आणि किंकाळीला फाटते. रेकॉर्डरला दुसरा ट्रॅक कमी लेव्हलवर ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. मोठ्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये कॅमेऱ्याच्या माइकवर डायलॉग घेऊ नका, विहिरीत बोलल्यासारखं येतं. सुऱ्याचा आवाज नेटवरून उचलू नका, सगळ्या फिल्ममध्ये तोच 'श्शिंग', आणि सुरी हवेत काढली तर आवाज येतच नाही. एक कोबी, एक कलिंगड, एक ओला टॉवेल घ्या आणि बसा.

रक्त

रक्तावर सगळ्यांना पीएचडी करायची असते, म्हणून मी थोडक्यात आटपतो. तुमच्या लाईटखाली टेस्ट करा, निळ्या लाईटमध्ये लाल रक्त काळं दिसतं. १९६० च्या 'सायको'मध्ये चॉकलेट सिरप चाललं कारण फिल्म कृष्णधवल होती, तुमची नाही. नुसता लाल रंग घातला तर सरबत दिसतं, त्यात अगदी थेंबभर निळा किंवा थोडा कोको घाला. धुताना सोपं जावं म्हणून साबण घातलेलं रक्त कोणाच्याही तोंडात जाऊ देऊ नका, तोंडासाठी वेगळी बाटली, वर मोठ्या अक्षरात लिहून. सिरप चिकट असतं, फरशीवर लोक घसरतात, चुन्याची भिंत तर कायमची पिते.

आणि शर्ट तीन घ्या. एकसारखे तीन. एकच शर्ट असेल तर स्वच्छ शर्टाचे सगळे शॉट संपल्याशिवाय रक्ताची बाटली उघडायची नाही, मग दिग्दर्शक कितीही मागे लागू दे. डागाचा फोटो प्रत्येक टेकनंतर, नाहीतर डाग छातीवरून खांद्यावर फिरायला जातो.

सुरी आणि मास्क

खरी सुरी सेटवर नको. 'धार नाही तिला' हे वाक्य ऐकलं की मी माइक खाली ठेवतो. क्लोजअपला बोथट धातूची, धावपळीला रबरी, आणि दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात. परवानगी लेखी घ्या आणि रात्रपाळीच्या वॉचमनला स्वतः जाऊन सांगा, कारण परवानगी ऑफिसात दिलेली असते आणि रात्री गेटवर दुसराच माणूस असतो. आमचा एक मास्कवाला सुरीसकट पाणी प्यायला गेला होता, पुढचा दीड तास आम्ही सगळे खुर्च्यांवर ओळीने बसून तो आमचाच आहे हे समजावत होतो.

मास्क बाजारातला ओळखीचा घेऊ नका, हक्कांची भानगड होते आणि लोक दुसऱ्याच फिल्मबद्दल बोलायला लागतात. 'हॅलोविन'ने १९७८ मध्ये दोन डॉलरच्या आतला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मास्क पांढरा रंगवला, भुवया-कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली. काम करतो तो त्याचा कोरेपणा. त्याच फिल्मने वसंतात शरद ऋतू दाखवायला रंगवलेली पानं पसरली आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला वापरली. पानं गोळा करण्याएवढा पेशन्स आहे का तुमच्यात?

मास्कमधून बाजूचं काही दिसत नाही, जिन्यात त्याच्याबरोबर एक माणूस ठेवा.

आता पटापट

मोबाईल का लागत नाही याचं कारण पहिल्या अर्ध्या तासात द्या, आणि 'रेंज नाही' सोडून दुसरं द्या. पात्रं पाच पुरे. मांजरीने दचकवणं एकदाच, खरं तर शून्य वेळा. संशयित म्हणून वॉचमनला वेडसर दाखवणं बंद करा, कंटाळा आलाय. रात्रभर शूट करून सकाळी नऊला परत कॉलटाइम लावू नका, मधे बारा तास द्या, झोपेत गाडी चालवत घरी जाणारी ही तुमचीच मित्रमंडळी आहेत.

आणि मेलेल्या खुन्याने शेवटच्या फ्रेममध्ये डोळे उघडायचे की नाही हे मला रात्री अकराला फोन करून विचारू नका. पार्ट टूचं बघू, आधी पार्ट वनचा तो पॅन्ट्रीचा सीन परत शूट करायचाय.