गावातल्या कर्करुग्णाला कोविड झाला तर

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात उपचार घेऊन गावी परतलेल्या रुग्णासाठी खरी तयारी ताप येण्यापूर्वीच करावी लागते. कर्करोगाचा प्रकार, शेवटच्या केमोची तारीख, चालू औषधे, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल) आणि उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून तो फाईलच्या सर्वांत वर ठेवावा, कारण मध्यरात्री ग्रामीण रुग्णालयात पोहोचल्यावर जाडजूड फाईल चाळायला कोणाला सवड नसते. रुग्ण बरा असताना ऑक्सिमीटरवर येणारा ऑक्सिजनचा आकडाही त्यावर नोंदवावा. फुप्फुसांचा आजार असलेल्यांत तो मुळातच कमी असू शकतो.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप एकदा जरी 101 अंश फॅरनहाइट झाला किंवा 100.4 वर तासभर टिकला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मोजण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण आकडा दबतो आणि घरचे निर्धास्त होतात. कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तापाचे कारण सापडले असेही समजू नये. सोबत जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि पेशी कमी असताना अँटिबायोटिकला झालेला उशीर विषाणूइतकाच घातक ठरतो. शिवाय पावसाळ्यात लेप्टो (दूषित पाणी-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे उन्हाळ्यात रानातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप आहेच. रुग्ण शेतात किंवा रानात गेला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे आणि नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असल्यास दुसरे बोट वापरावे. आकडा 94 च्या खाली गेल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे, 90 च्या खाली गेल्यास 108 ला फोन करावा. थेट मुंबईला निघण्याचा मोह अशा वेळी टाळावा. आधी जवळच्या रुग्णालयात ऑक्सिजन सुरू करून रुग्ण स्थिर करावा आणि हलवण्याचा निर्णय तेथून, टाटातील डॉक्टरांशी बोलून घ्यावा. घरी कॉन्सन्ट्रेटर (विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र) असल्यास सोबत भरलेला सिलिंडर हवाच. पावसात वीज किती वेळा जाते, हे कोकणात वेगळे सांगायला नको.

स्टेरॉइड मनाने सुरू करू नये. 2020 च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांनाच दिसला. मात्र कर्करोगाच्या उपचारातच स्टेरॉइड चालू असेल, तर ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर हे कोविडवरचे विषाणूरोधक औषध लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावे लागते आणि कर्करोगाच्या अनेक गोळ्यांशी त्याचा मेळ बसत नाही. औषधांची यादी येथे कामी येते.

‘केमोमुळेच हे झाले’ असे म्हणून उपचार सोडून देणारी घरे पुष्कळ आहेत. मे 2020 मध्ये ब्रिटनमधील 800 कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 28 टक्के दगावले, पण नुकत्याच घेतलेल्या केमोमुळे मृत्यूचा धोका लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. वय, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा संबंध अधिक ठळक होता. रक्ताच्या कर्करोगात मात्र धोका जास्त असतो, आणि रिटुक्सिमॅब (अशा काही कर्करोगांवरचे, प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध) घेणाऱ्यांच्या शरीरात विषाणू कित्येक आठवडे टिकू शकतो. म्हणून विलगीकरण कधी संपवायचे आणि केमोचे पुढचे सायकल कधी द्यायचे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. तोवर गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी खळ्यातूनच विचारपूस करावी.