डाइव्हिंगला नवीन ठिकाण शोधताय? आधी महिना ठरवा, देश नंतर

अंदमान झालं, आता पुढे कुठे? ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि मग ग्रुपवर विचारलं की जो तो स्वतः जिथे जाऊन आला तेच सांगतो. एक म्हणतो मालदीव, दुसरा म्हणतो बाली स्वस्त पडतं, तिसऱ्याने इंडोनेशियातल्या राजा अम्पतचा व्हिडिओ बघितलेला असतो आणि तो तिथेच अडकलेला असतो. यातलं कुणीच चुकीचं नाही, पण "तुला सुट्टी कधी आहे" हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की देश शेवटी ठरवा. आधी महिना, मग तुमचा पाण्यातला अनुभव, मग सोबत कोण येतंय. एवढं पक्कं झालं की यादीत एखाद-दुसरंच नाव उरतं.

(मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टरने मागून सिलिंडर धरून फिरवून आणलं, फोटो काढले, एवढंच झालं असेल तर ती ट्राय डाइव्ह. मजा येते, पण त्याचं सर्टिफिकेट होत नाही, त्यावर बाहेर कुठे स्वतंत्र डाइव्ह मिळणार नाही. अशांनी ठिकाण निवडताना सरळ कोर्सचे तीन-चार दिवस धरूनच निवडा, आणि त्यासाठी हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आजही मस्तच आहे, शिवाय इन्स्ट्रक्टर हिंदीत समजावतो.)

आता महिना. ट्रॉपिकल म्हटलं की बारा महिने ऊन आणि निळंशार पाणी असं डोक्यात असतं, तसं नसतं. जो नैऋत्य मान्सून जून ते सप्टेंबर मालवण बंद करतो तोच अंदमानचा समुद्रही खवळवतो, आणि थायलंडचं सिमिलान नॅशनल पार्क तर साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतं. पण नकाशा नीट बघितला की गंमत कळते. श्रीलंका घ्या, एकच बेट, पण पश्चिमेला हिक्काडुवाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल आणि पूर्वेला त्रिंकोमालीचा मे ते सप्टेंबर. जुलैमध्ये हिक्काडुवाचं हॉटेल निम्म्या भावात मिळतंय म्हणून लोक उड्या मारत बुक करतात आणि तिथे गेल्यावर गढूळ पाणी आणि लाटा बघत बसतात, तेव्हा त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला निलावेलीच्या पिजन आयलंडला पाणी एकदम शांत असतं. थायलंडचंही तसंच, अंदमान समुद्राकडची बाजू वेगळी आणि आखातातलं को ताओ वेगळं, ते नोव्हेंबरच्या आसपास वाईट असतं आणि आपल्या भर पावसाळ्यात चांगलं. म्हणून "थायलंडला जाऊ का" या प्रश्नाला उत्तरच नाही, कुठल्या किनाऱ्याला आणि कधी ते सांगा.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशोबाने सांगायचं तर दिवाळी हा जरा अवघड काळ आहे, मोसम पालटत असतो, अंदमानला बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ आलं की फेरीबोटी रद्द होतात आणि पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आता श्री विजयपुरम, अडकून पडायला होतं. तरी दिवाळीतच जायचं असेल तर दोन दिवस हातचे ठेवा. नाताळात सगळीकडे गर्दी आणि भाव चढलेले. माझ्या मते जानेवारी संपल्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ अंदमान, सिमिलान आणि मालदीव तिन्हीसाठी उत्तम, पण मुलांच्या परीक्षा तेव्हाच असतात, त्याला इलाज नाही. मे महिन्याच्या सुट्टीत अंदमान पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतं, पुढे बाली किंवा त्रिंकोमालीकडे बघा. आणि पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टला जोडून चार-पाच दिवस मिळतात तेव्हा, बाली नाहीतर मालदीवचं बा अटॉल, अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं.

बा अटॉल ऐकून लोक दचकतात, पावसाळ्यात मालदीव? हो, पाऊस असतो, वाराही असतो, व्हिजिबिलिटी पण कमी असते. पण ती कमी असते प्लँक्टनमुळे, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे, आणि मांटा रे, ते पंखांसारखे पसरलेले मोठे चपटे मासे, येतात ते प्लँक्टन खायलाच. हानिफारू बे नावाच्या छोट्या खाडीत जून ते ऑक्टोबर दरम्यान कधी कधी डझनावारी मांटा गोल गोल फिरत असतात. फक्त तिथे स्कूबा करू देत नाहीत, नुसतं स्नॉर्कलिंग, तेही रेंजरच्या देखरेखीखाली. हे माहीत नसलं की माणूस टँकचे पैसे भरून बसतो.

आता एक गोष्ट जी परदेशी गाइडमध्ये दहा पानं समजावलेली असते आणि आपल्या घरच्या भिंतीवर लटकलेली असते, ती म्हणजे तिथी. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटी. उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाहही जोरात. हानिफारूला मांटा बघायचे तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या जवळच्या तारखा घ्या, कारण भरतीचं पाणी प्लँक्टन आत ढकलतं. उलट इंडोनेशियातल्या नुसा पेनिडा किंवा कोमोडोसारख्या जोरदार करंटच्या जागी पहिल्यांदा जाताय तर अष्टमीच्या आगेमागे जा, जीव सुखात राहील. कालनिर्णय काढा आणि मग तिकीट बघा, खरंच.

अनुभवाबद्दल स्वतःशी खरं बोला. ओपन वॉटर म्हणजे 18 मीटर खोलीपर्यंत, पुढचा कोर्स ॲडव्हान्स्ड म्हणजे 30. हॅवलॉकला नेमो रीफ किनाऱ्यावरूनच होते आणि नवख्याला छान, पण डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज या खोल जागांची नावं ऐकून गेलात आणि कार्ड ओपन वॉटरचं असेल तर बोट तुम्हाला सोडून जाईल. मालदीवमध्ये चांगले डाइव्ह म्हणजे कांडू, म्हणजे अटॉलच्या कडेतून समुद्राचं पाणी आत-बाहेर करायची वाट, तिथे करंटमध्ये रीफला हुक लावून शार्क बघत लटकायचं असतं. भारी असतं, पण बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एकाच पातळीवर तरंगत राहणं, जमत नसेल तर अर्ध्या तासात हवा संपते आणि तुमच्यामुळे सगळ्या ग्रुपला वर यावं लागतं. लाइव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायचं, हे बहुतेक ठिकाणी ॲडव्हान्स्ड आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, बऱ्यापैकी डाइव्ह असल्याशिवाय घेऊच नका, त्यांनी घेतलं तरी. आणि दीड वर्ष पाण्यात गेला नसाल तर पहिल्या सकाळी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करा, त्याचे पैसे द्यायला जीवावर आणू नका.

बालीच्या नुसा पेनिडाचं खास सांगतो. जुलै ते ऑक्टोबर तिथे मोला मोला दिसतो, दाराएवढा चपटा मासा, सगळे त्यासाठी जातात. तो खोलातून वर येतो कारण खालचं थंड पाणी वर येतं, कधी कधी 20 अंशांच्याही खाली. विषुववृत्ताजवळ थंडीने दात वाजतात यावर विश्वास बसत नाही. भाड्याचा 3 मिलिमीटरचा आखूड सूट देत असतील तर नाही म्हणा, पूर्ण बाह्यांचा 5 मिलिमीटर मागा.

मग नवख्याने बालीत कुठे जायचं? तुलांबेन. डोळे झाकून. एअरपोर्टपासून गाडीने साधारण तीन तास, उत्तर-पूर्वेचं छोटं गाव, आणि किनाऱ्यापासून पोहत पाच मिनिटांवर अख्खं जहाज. यूएसएटी लिबर्टी, अमेरिकेचं मालवाहू जहाज, जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढत आणून किनाऱ्यावर लावलं, वीस वर्षं तिथेच गंजत पडलं होतं आणि 1963 ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा त्या हादऱ्यांनी घसरून पाण्यात गेलं. आता ते साधारण 5 मीटरपासून 30 मीटरपर्यंत तिरकं पसरलंय, म्हणजे ओपन वॉटरवाल्यालाही भरपूर बघायला मिळतं, बोटीचा खर्च नाही, बोट लागण्याचा त्रास नाही. किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोल गोटे आहेत, लाटेबरोबर पायाखालून सरकतात, म्हणून जाड तळाचे बूट लागतात, आणि आत शिरताना फिन्स हातात ठेवून कमरेएवढ्या पाण्यात घालायच्या. तुमचा टँक मात्र गावातल्या बायका डोक्यावर घेऊन येतात, एक डोक्यावर, कधी दुसरा खांद्यावर, आणि त्याच गोट्यांवरून साध्या चपला घालून चालतात, आपण तिथे धडपडत असतो. सकाळी सहाला गेलात तर डोक्याला टेंगूळ असलेले मोठे बंपहेड पॅरटफिश जहाजाच्या आडोशाला दिसतात, नऊनंतर दक्षिणेकडून दिवसाच्या ट्रिपा येतात आणि गर्दी होते. म्हणून तुलांबेनलाच मुक्काम करा, कुटाहून येऊन-जाऊन करू नका.

बालीच्याच बाबतीत अजून एक, आपल्या पाडव्याच्या आसपास तिथे न्येपी असतो, त्यांचं शक नववर्ष, आपल्याच शालिवाहन शकाचं भावंड. आपण गुढी उभारून श्रीखंड खातो, ते चोवीस तास दिवे बंद करून घरात बसतात. एअरपोर्टसुद्धा बंद, हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही, डाइव्हिंगचा तर प्रश्नच नाही. तारीख बघून घ्या.

सोबत कोण येतंय यावर अर्धी निवड होते. बायको किंवा नवरा डाइव्ह करत नसेल आणि तुम्ही सकाळी सातला जाऊन दोनला परतणार असाल तर तिसऱ्या दिवशी घरात काय वातावरण असेल ते सांगायला नको. तिथे बाली जिंकतं, देवळं, भातशेती, खरेदी, मसाज सगळं आहे, शाकाहारी जेवणही मिळतं. मालदीवची लोकल बेटं, धिगुरा वगैरे, रिसॉर्टपेक्षा खूप स्वस्त आणि तिथे दक्षिण आरी अटॉलला व्हेल शार्क वर्षभर दिसायची शक्यता असते, पण संध्याकाळी करायला काही नाही, दारू नाही, आणि नाश्त्याला मासहुनी, म्हणजे टूना आणि ओलं खोबरं. मला तर आवडतं, कोकणातल्या माणसाला परकं वाटणार नाही, पण घरात जैन असेल तर खाऊ बरोबर न्या. रमजानमध्ये दिवसा तिथले कॅफे बंद असतात हेही धरा. मुलं असतील तर दहा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्युनियर ओपन वॉटर करता येतं.

पैशांचं बघताना तिकीट आणि हॉटेल यांची बेरीज करून थांबू नका. मालदीवचा व्हिसा भारतीयांना तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण माणशी रोजचा ग्रीन टॅक्स, सर्व्हिस चार्ज, त्यावर टॅक्स आणि स्पीडबोटचं भाडं, हे मिळून आकडा फुगतो. इंडोनेशियाचा ऑन अरायव्हल व्हिसा 5 लाख रुपियाचा, शून्य बघून घाबरू नका, तीन हजार रुपयांच्या आतबाहेर.

ठिकाण ठरलं की डाइव्ह सेंटरला मेल टाका, आणि मेलमध्ये एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, भाड्याचं सामान आणि पार्क फी धरली आहे का, हवामानाने रद्द झालं तर पैसे परत का, हे विचारा. एका सेंटरने मला "डोन्ट वरी सर" एवढंच उत्तर पाठवलं होतं आणि तिथे गेल्यावर एका गाइडच्या मागे आठ जणांची रांग होती. जे तुम्हाला उलट विचारतात की शेवटचा डाइव्ह कधी केला होता, किती खोल, ते चांगले. रिव्ह्यू वाचाल तर ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्याचे, आणि अलीकडचे वाचा, 2024 ला जगभर कोरल ब्लीचिंग झालं, म्हणजे प्रवाळ पांढरे पडले, त्याआधीचे रंगीत फोटो बघून अपेक्षा ठेवू नका.

मेडिकल फॉर्म आधी मागवून घ्या. दमा, कानाचं ऑपरेशन, बीपीची गोळी, एका ठिकाणी जरी "हो" आलं तर डॉक्टरची सही लागू शकते, ती इथे आपल्या डॉक्टरकडून आणा, तिथे जाऊन डॉक्टर शोधण्यात एक दिवस जातो. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलंय का आणि किती मीटरपर्यंत, ते बारीक अक्षरात वाचा, नसेल तर डाइव्हर्सचा वेगळा विमा काढा. रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हनंतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर उपचार करतात ती दाबाची खोली, जवळ कुठे आहे तेही विचारून ठेवा, बालीत देनपसारला आहे, मालदीवमध्ये मालेजवळ बंडोस बेटावर.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर कमीत कमी 18 तासांनी, मी तर पूर्ण 24 तास ठेवतो. हे बहुतेकांना माहीत असतं, पण डोंगराचं कुणी धरत नाही. तुलांबेनला सकाळी दोन डाइव्ह करून दुपारी किंतामणीला जेवायला जाणं किंवा त्रिंकोमालीहून थेट नुवारा एलिया गाठणं, जे जवळपास 1,900 मीटरवर आहे, हे शरीराच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखंच, उंचीवर हवेचा दाब कमी असतो. म्हणून डोंगर, ट्रेक, ज्वालामुखीचा सूर्योदय जे काही असेल ते ट्रिपच्या सुरुवातीला उरका, नाहीतर मध्ये एक कोरडा दिवस टाका, आणि शेवटचा दिवस किनाऱ्यावरच्या खरेदीला ठेवा.