फणसाच्या फळ्यांसाठी घरगुती ड्रम सँडर

फळ्या हाताने घासून खांदे गेले म्हणून शेवटी ड्रम सँडर (घासायचा पेपर गुंडाळलेला ड्रम फिरवून फळी घासणारं यंत्र) घरीच केला, सामान सगळं म्हापशात मिळालं. २० एमएम शाफ्ट, त्याच मापाचे २ प्लमर ब्लॉक (शाफ्ट धरणाऱ्या बेअरिंगच्या बैठका), अर्धा एचपीची १४४० आरपीएम मोटर, पुल्या नि बेल्ट, बस.

१८ एमएम प्लायच्या ५ इंची चकत्या कापा, मधोमध भोक पाडून शाफ्टवर एकाला एक चिकटवत जा, हाच ड्रम, टोकाच्या चकत्यांतून आरपार पिन मारा नाहीतर शाफ्ट फिरतो नि ड्रम जागेवरच. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) नको हां, आपल्या पावसात पावासारखा फुगतो, प्लायला पण वॉर्निश मारा.

आता खरं काम, ड्रम गोल करणं. ड्रमखालचं टेबल, ज्यावरून फळी सरकते, ते मागे बिजागरीवर, पुढे एम१० बोल्टवर ठेवा, टेबलावर ६० नंबरचा घासायचा पेपर चिकटवून चालू ड्रमखाली हळूहळू वर घ्या, बोल्टचा पाव फेरा म्हणजे अर्धा मिलीसुद्धा नाही, घाई केली की ड्रमला पोट येतं (माझ्या पहिल्याला आलं). मग ड्रमवर ८० नंबरच्या पेपरची पट्टी तिरकी गुंडाळा.

फळी नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवा, नाहीतर बंदुकीसारखी सुटते. बेल्टला झाकण नि तोंडाला मास्क हवाच, फणसाचा पिवळा भुसा नाकात दोन दिवस राहतो.