पांढरा, मऊ, हिवाळी गहू : या चुका टाळा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, म्हणजे वॉशिंग्टन, ओरेगन आणि आयडाहो या राज्यांत, ‘सॉफ्ट व्हाइट विंटर’ गहू पिकतो. मऊ, पांढरा, हिवाळी. तिन्ही शब्द आपल्या ओळखीचे, आणि गोची तिथेच होते. आपण त्यांचा अर्थ आपल्या लोकवनवरून लावतो. पूर्व वॉशिंग्टनमध्ये राहायला आल्यावर मीही तसाच लावला होता.

हिवाळी म्हणजे रब्बी नव्हे

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. शेजारच्या शेतकऱ्याने ‘मॅडसन’ या वाणाचं मूठभर बी दिलं. मी ते मेच्या मध्यावर परसात पेरलं. उगवण उत्तम, फुटवे भरपूर. जून गेला, जुलै गेला, शेजारची शेतं कापणीला आली, तरी माझा वाफा हिरव्यागार गवतासारखा जमिनीलगत बसलेला. एक फुटवा सोलून पाहिला, तर आत कांडीच धरलेली नव्हती. ओंबी कुठून येणार?

खत-पाण्यात काहीच चुकलं नव्हतं. या गव्हाला वाढीच्या सुरुवातीला काही आठवडे सलग थंडी लागते, शून्याच्या थोड्या वर, आठ-दहा अंशांच्या आत. ती मिळाली की मगच रोप ओंबी धरायच्या मार्गाला लागतं. म्हणून इथे पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, रोपं बर्फाखाली हिवाळा काढतात आणि कापणी पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये. दहा-अकरा महिन्यांचं पीक. निफाडचा त्र्यंबक किंवा तपोवन आपण नोव्हेंबरात पेरून चार महिन्यांत खळ्यावर आणतो, कारण त्या वाणांना अशा थंडीची अट नाही.

त्यामुळे इथलं बी गावी न्यायचा विचार मनात आला तर सोडून द्या. परवान्याशिवाय बियाणं नेणं बेकायदा आहेच, शिवाय दख्खनच्या हिवाळ्यात त्याला पुरेशी थंडी मिळणार नाही. वेळ चुकलेली असेल आणि कुंडीत चार रोपं वाढवून पाहायचीच असतील, तर बी भिजवून मोड येऊ द्या आणि ओलसर कागदात गुंडाळून सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी येत नाही ना, तेवढं बघत राहा.

फक्त उतारा बघून वाण निवडणं

मॅडसन 1988 मध्ये आला. एका रानटी गवताकडून त्याला बुंधा कुजण्याच्या रोगाविरुद्धची ताकद मिळाली आहे. लवकर पेरलेल्या रानात हा रोग जोर करतो, तिथे मॅडसन तगतो. पण जिथे बर्फ कित्येक आठवडे हलत नाही, तिथे बर्फाखाली वाढणारी बुरशी त्याला पोखरते. तिथे ‘एल्टन’ लागतो. ‘ओटो’ या वाणात दोघांचा संकर आहे. कोरड्या पट्ट्यात आणखी एक अडचण: ओलावा खोल असल्याने बी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली टाकावं लागतं, आणि बुटक्या वाणांचा कोंब आखूड असतो. पेरणीनंतर पाऊस पडून जमिनीवर पापडी धरली की तो वर येतच नाही.

बुटक्या गव्हाचा विषय निघालाच आहे तर, गहू-संशोधक ऑरव्हिल व्होगेल यांनी पूर्व वॉशिंग्टनमधल्या पुलमन या गावात ‘नोरिन 10’ या बुटक्या जपानी वाणापासून 1961 मध्ये ‘गेन्स’ हा मऊ पांढरा हिवाळी गहू काढला. त्यांच्याच संकराचं बी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोला गेलं, आणि त्यातून पुढे हरितक्रांतीतला ‘सोनोरा 64’ हा गहू भारतात आला. मला या गावाविषयी जी आपुलकी वाटते, ती त्यामुळे.

पांढरा रंग आणि पाऊस

पांढऱ्या सालीच्या गव्हाची झोप लाल गव्हापेक्षा हलकी असते. पिकून उभ्या असलेल्या ओंबीवर पाऊस झाला की दाणा आतून जागा होतो आणि त्यातला स्टार्च तुटू लागतो. बाहेरून मोड दिसेलच असं नाही. दाणा भरताना तापमान एकदम वरखाली झालं तरी काही वाणांत हेच होतं. म्हणून गिऱ्हाईक ‘फॉलिंग नंबर’ तपासतं, म्हणजे पीठ-पाण्याच्या गरम खळीतून एक दांडी खाली जायला किती सेकंद लागतात ते; स्टार्च तुटलेला असला की खळ पातळ होते आणि दांडी लवकर बुडते. तो 300 सेकंदांच्या खाली गेला की भावात कपात. इथे लोक हमखास एक चूक करतात: खराब माल चांगल्यात मिसळून सरासरी गाठू पाहतात. हा आकडा सरासरीने चालत नाही, थोडा खराब माल सगळ्या ढिगाला खाली ओढतो. भिजलेल्या रानाचा माल वेगळाच ठेवा.

मऊ गहू म्हणजे मऊ पोळी नव्हे

मऊ हा शब्द दाण्याविषयी आहे. हा दाणा जात्यात सहज फुटतो, स्टार्चच्या कणांना फारशी इजा होत नाही, म्हणून पीठ पाणी कमी पितं. प्रथिनंही साधारण साडेआठ ते साडेदहा टक्के. लोकवनच्या अंदाजाने पाणी घातलं की कणीक सैल पडते, हाताला चिकटते, लाटताना कडा फाटते, आणि तव्यावर फुगलेली पोळी थंड होईपर्यंत ठिसूळ होते. तेल वाढवून उपयोग नाही, उलट ती आणखी तुटते. पाणी चमच्या-चमच्याने घाला, नेहमीपेक्षा बरंच आधी थांबा, कणीक अर्धा तास झाकून ठेवा. तरीही जमत नसेल तर निम्मं पीठ कडक पांढऱ्या गव्हाचं घ्या. इथे तोही मिळतो आणि पोळीला तोच खरा.

पोर्टलंडच्या बंदरातून हा मऊ गहू जपानला जातो तो केकसाठी. आपल्याकडे त्याचं सोनं होतं नानकटाईत. तूप-साखर फेसून हे पीठ हलक्या हाताने मिसळलं, मळलं नाही, की भट्टीत प्रत्येक गोळा पसरून वर बारीक भेगा पडतात. शंकरपाळ्यांनाही हेच पीठ घ्या. मोहन नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा, नाहीतर तळताना कढईतच विरघळतील.